पाव्हणा

तीस वर्सं भोकं बुजवली.
उचगाव फाट्याला, पत्र्याच्या खोक्यात,
सायकलींची, ट्रकची, उसाच्या ट्रॉल्यांची.
मग सीपीआरच्या डॉक्टरनं माझ्या पोटावर
एक नवंच भोक पाडलं, मुद्दाम,
आणि म्हणाले, सातापा, हे बुजवायचं न्हाई.

आतलं जे काढलं ते बशीत घालून
आनंदीला दाखवलं. मला न्हाई.
शुद्धीवर आलो तर बेंबीच्या उजव्या अंगाला
लालभडक बोंडूक,
वासराच्या ओठाची आतली बाजू असते तसं,
ओलं, आपलं आपण हलणारं.
बोट लावलं.
बोटाला कळलं, त्याला न्हाई कळलं.

सालोमी सिस्टर म्हणाली,
रीत शिकून घ्या मामा, मी काय घरी येणार न्हाई.
कोमट पाणी. साबण नको.
कातडी कोरडी, कोरडी म्हणजे कोरडी.
माप घ्यायचं, बत्तीस मिलिमीटर,
कात्रीनं गोल कापायचं, कड बोटानं घासायची,
चिकटवून वर तळहात ठेवायचा
ऊब लागेपर्यंत.
मी हसलो, तर टाके ओढले.
हे तर पॅच लावायचं काम!
घासा, पुसा, थांबा, दाबा.
घाई केली की गळतंय,
हेच इंद्याला तीन वर्सं ओरडून सांगतोय.

आणि पहिल्या आठवड्यात माझीच तीनदा गळाली.
रात्री दोनला. चादर, बनियन, आनंदीचा पदर.
ती बादलीत कपडे बुडवताना काही बोलली न्हाई.
मी भिंतीकडं तोंड करून
कॅलेंडरातले अमावस्येचे काळे गोळे मोजत पडलो.
सकाळी तिनंच विचारलं,
पाव्हणा जेवला का?
कोण पाव्हणा?
तिनं हनुवटीनं पोटाकडं दाखवलं.

पाव्हण्याचे नखरे लई.
कांदा चालत न्हाई, चवळी चालत न्हाई,
तांबडा रस्सा नुसता वासावर भागवायचा.
मेव्हण्याच्या पोरीचं लग्न, गंगावेशीतला हॉल,
भटजी 'सावधान' म्हणायच्या आधी
हाच बोलला.
पुढच्या रांगेतली बाई वळून बघाय लागली.
मी खुर्चीकडं बघितलं, जणू खुर्चीचंच काम.
आनंदी पदरात तोंड घालून हसत होती,
दवाखान्यानंतर पहिल्यांदा.

शाहूपुरीत एक पिशवी साडेतीनशेला.
पाच मोटारसायकलींची पंक्चर, एक पिशवी.
चार दिवसांची सहा दिवस ओढतो,
मग कडेला आग होते, वर सालोमीची बोलणी.

जड उचलायचं न्हाई, जॅक इंद्या लावतो.
मी टपापाशी बसून ट्यूब बुडवतो,
बुडबुडा कुठनं येतोय बघतो.
गिऱ्हाईक नसलं की शटर अर्धं ओढून
पिशवीतली हवा सोडतो.
आयुष्यभर हवा भरली, आता सोडायची.

परवा एक पोरगा आला, कागलचा,
लेथवर कामाला, तेवीस-चोवीसचा.
गाडी नव्हती. पायीच.
शर्ट एका बाजूनं फुगलेला,
हात त्यावर, चोरी लपवल्यासारखा.
सालोमी सिस्टरनं धाडलंय, एवढंच म्हणाला.
मी शटर पुरं ओढलं. दिवा लावला.
आधी माझा शर्ट वर केला.

तो बघत राहिला. बराच वेळ.
मामा, ह्याला दुखतंय का?
न्हाई. त्याला काय कळत न्हाई.
कळायचं ते सगळं आपल्यालाच.
आणि किती दिवस राहणार हे?
डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांनी बघू.
'बघू' मीही म्हणतो गिऱ्हाइकाला,
टायर पार गेलेला असला की.
हे मी त्याला सांगितलं न्हाई.

हात धू, म्हणालो.
थर्मासात कोमट पाणी हाय.